सील आणि सेल्की: केल्टिक लोककथांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या सील-कथांबद्दल मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दुसऱ्या उत्तराची गरज असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. सील म्हणजे नेमका कोणता प्राणी? 'सील मासा' म्हणणं बरोबर आहे का?

नाही. सील सस्तन प्राणी आहे: हवेत श्वास घेतो, आणि मादी पिल्लांना दूध पाजते. भारताच्या किनाऱ्यावर सील नाहीत, म्हणून मराठीत त्याला स्वतःचं नाव नाही आणि 'सील' म्हटलं की आधी शिक्कामोर्तब आठवतं. दोन्ही शब्दांचा आपसात काही संबंध नाही. शिक्क्याचा 'सील' लॅटिनमधून आला, प्राण्याचा जुन्या इंग्रजीतल्या 'सेओल्ह'वरून.

या कथांच्या प्रदेशात सीलच्या दोन जाती आहेत. करड्या सीलचा नर ३०० किलोपर्यंत भरतो आणि अडीच मीटरपर्यंत वाढतो. त्याचं नाक लांब आणि सरळ असतं, नाकपुड्या एकमेकींना समांतर. साधा सील लहान, दीड-पावणेदोन मीटरचा. चेहरा मांजरासारखा गोल, नाकपुड्या खाली जवळ येणाऱ्या. कथांसाठीही हा फरक महत्त्वाचा आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरचे एकोणिसाव्या शतकातले कथासंग्राहक वॉल्टर ट्रेल डेनिसन यांनी लिहून ठेवलं आहे की माणूस होण्याची शक्ती मोठ्या सीलकडेच असते, लहानांकडे नाही. इंटरनेटवर 'सेल्की' (माणूस होणारा सील, प्रश्न २) म्हणून फिरणाऱ्या चित्रांत प्राण्याचे कान बाहेर दिसत असतील तर तो सी लायन, म्हणजे सीलचा दुसऱ्या कुळातला नातलग, समजा. सी लायन उत्तर अटलांटिकमध्ये राहतच नाही.

२. सेल्की म्हणजे काय?

समुद्रात सील आणि किनाऱ्यावर कातडं उतरवलं की माणूस, असा जीव. 'सेल्की' हा स्कॉट्स भाषेतला शब्द, आणि ऑर्कनी-शेटलंड या बेटांवर त्याचा रोजचा अर्थ फक्त 'सील' एवढाच आहे. तिथला म्हातारा कोळी 'खडकावर सेल्की आहेत' म्हणाला तर तो जादूबद्दल बोलत असेलच असं नाही.

३. या कथा खरंच केल्टिक आहेत का?

अर्ध्याच. हे उत्तर अनेकांना आवडत नाही, पण ते दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सर्वांत प्रसिद्ध कथा ऑर्कनी आणि शेटलंडच्या आहेत, आणि ही बेटं केल्टिक नव्हेत तर नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, संस्कृतीची. ती नॉर्वेच्या राजसत्तेखाली होती. डेन्मार्कच्या राजकन्येच्या हुंड्यापोटी ती १४६८ आणि १४६९ मध्ये स्कॉटलंडकडे गहाण गेली आणि परत सोडवलीच गेली नाहीत. तिथली जुनी भाषा नॉर्नसुद्धा नॉर्सच्याच कुळातली. फॅरो बेटं आणि आइसलंडमध्येही हीच कथा सांगतात.

केल्टिक भाषांपैकी गेलिक बोलणाऱ्या किनाऱ्यांवरच्या कथा वेगळ्या: स्कॉटलंडची हेब्रिडीज बेटं, आयर्लंडमधले कॉनेमारा, डोनेगल आणि केरी. तिथे भर कातडं चोरण्यापेक्षा कूळ आणि नातं यांवर आहे (प्रश्न ९). वेल्समध्ये सील भरपूर आहेत, पण सील-बायकोची कथा तिथे तितकी रुजलेली नाही. वेल्श भाषेत सीलला 'मोर्लो' म्हणतात, म्हणजे समुद्राचं वासरू.

४. मग केल्टिक परंपरेत सीलचा आध्यात्मिक अर्थ काय?

एका शब्दात सांगायचं तर 'नातलग'. या कथा सांगणाऱ्यांच्या लेखी सील हा पाण्यात अडकलेला आपलाच माणूस होता, आणि नात्याबरोबर येणारी बंधनंही त्याच्याबाबत पाळायची असत. त्याला मारलं तर घराला बाधते. त्याचं जे आहे ते हिसकावून घेतलं तर आज ना उद्या ते परत जातं. तो दोन घरांचा आहे, म्हणून एका घरात त्याला कायमचा कोंडता येत नाही.

आज सीलबद्दल वाचायला मिळणारे 'अंतर्ज्ञान', 'सर्जनशीलता', 'भावनांचा प्रवाह' हे अर्थ जुन्या गेलिक कथांत सापडत नाहीत. ते कुठून आले, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

५. एवढे प्राणी असताना सीलच माणसासारखा का वाटला?

पाण्यातला सील एकदा जवळून पाहिला की हा प्रश्न उरत नाही. तो पाण्यात उभा राहतो, फक्त डोकं आणि मान वर, आणि टक लावून पाहतो. डोळे मोठे, काळे आणि ओले. जमिनीवर असताना त्यांतून पाणी गालांवर ओघळतं, कारण ते वाहून नेणारी अश्रुनलिका सीलला नसते. पुढच्या वल्ह्यासारख्या पायात पाच बोटं आणि पाच नखं असतात. करड्या सीलचा कळप खडकावरून ओरडतो तेव्हा धुक्यात कुणी हेल काढून रडतंय असं वाटतं. गाणं किंवा शिट्टी ऐकली की ते होडीच्या मागे येतात.

आणखी एक गोष्ट. करड्या सीलची मादी पिल्लाला जेमतेम तीन आठवडे दूध पाजते. जन्मतः साधारण १४ किलोचं पिल्लू तेवढ्यात ४० किलोच्या पुढे जातं, कारण त्या दुधात निम्म्याहून जास्त स्निग्धांश असतो. मग एके दिवशी आई समुद्रात निघून जाते आणि परत येत नाही. पांढरे केस गळत असलेलं पिल्लू पुढे कित्येक दिवस उपाशी किनाऱ्यावरच पडून असतं. बेटावरची माणसं दर शरद ऋतूत हे पाहत होती. मुलांना मागे ठेवून पाण्यात जाणाऱ्या सेल्की आईची कथा याच किनाऱ्यांवर का रुजली, याचं उत्तर आमच्या मते इथे आहे.

६. कथेत कातड्याला एवढं महत्त्व का? ते कुठे लपवलेलं असतं?

कातडं म्हणजे परतीची वाट. ते ज्याच्या ताब्यात, त्याच्या घरात सेल्की बाई.

कथेचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. ओहोटीच्या वेळी सेल्की खडकावर ऊन खात किंवा नाचत असतात. एक माणूस एकीचं कातडं उचलतो. बाकीच्या पाण्यात उड्या मारतात, ती मागे राहते, रडते, विनवते, शेवटी त्याच्याबरोबर घरी जाते. संसार होतो, मुलं होतात. ती चांगली गृहिणी असते, पण नजर समुद्राकडे. एक दिवस कातडं सापडतं आणि ती जाते.

लपवण्याच्या जागा नीट पाहा, कारण त्या त्या गावच्या घराची बांधणी त्यांत दिसते. ऑर्कनीच्या नॉर्थ रोनाल्डसे बेटावरच्या 'वेस्टनेसच्या शेतकऱ्या'च्या कथेत कातडं दगडी भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्या मधल्या पोकळीत असतं. इतरत्र ते धान्याच्या गंजीत किंवा कुलूपबंद पेटीत. पेटी असली की नवरा किल्ली बरोबर न्यायला विसरतो. गंज असली की झोडपणीच्या वेळी ती उसकटली जाते.

सापडतं ते बहुधा मुलांमुळे. वेस्टनेसच्या कथेत पाय दुखतोय म्हणून घरी राहिलेली धाकटी मुलगी आईला सांगते, बाबा ते चमकदार कातडं वर ठेवतात, मी पाहिलंय. आई धावत किनाऱ्यावर जाते. पाण्यात गेल्यावर होडीतून येणाऱ्या नवऱ्याला सांगते की तू माझ्याशी चांगला वागलास, तुझ्याबद्दल मनात वाईट नाही, पण माझा समुद्रातला माणूस मला जास्त प्रिय आहे. म्हणजे तिचा संसार आधीच होता. चोरलं गेलं ते फक्त कातडं नव्हतं. पुष्कळ पुनर्कथनांत हे वाक्य गाळतात आणि मग ती 'स्वातंत्र्यासाठी निघालेली एकटी स्त्री' होते. मूळ कथा त्याहून अवघड आहे.

७. सेल्की माणूस कधी होतात? सात अश्रूंचा विधी खरा आहे का?

वेळेबद्दल गावागावात वेगळं सांगतात. कुठे दर नवव्या रात्री, कुठे उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आदल्या रात्री, कुठे उधाणाच्या ठरावीक भरतीला. फॅरो बेटांवर वर्षातून एकदाच, नाताळानंतरच्या तेराव्या रात्री.

सात अश्रूंची गोष्ट ऑर्कनीची आहे: सेल्की प्रियकर हवा असेल तर बाईने ऐन भरतीला समुद्रात सात अश्रू गाळायचे. ही गोष्ट संसारात सुख नसलेल्या बायकांबद्दल सांगितली जाई. ती धार्मिक विधी म्हणून पाळत असत, असा याचा अर्थ नाही. 'प्राचीन ड्रुइड विधी' (ड्रुइड म्हणजे केल्ट लोकांचे पुरोहित) म्हणून ती विकणाऱ्यांपासून दूर राहा.

८. सेल्की पुरुषही असतात का?

हो, आणि ते फार देखणे असतात. ते कुणाला पळवत नाहीत. ते स्वतः येतात आणि निघून जातात.

त्यांचं सर्वांत करुण चित्र सूल स्केरीच्या सेल्कीच्या पोवाड्यात आहे. सूल स्केरी हा ऑर्कनीच्या पश्चिमेला सुमारे ६० किलोमीटरवरचा एकाकी खडक. पाळणा हलवणाऱ्या बाईला बाळाचा बाप कोण, कुठला, ठाऊक नाही. तो येऊन सांगतो की मी जमिनीवर माणूस, समुद्रात सील. तो सोन्याची थैली देतो, मुलाला मागतो आणि भविष्य सांगतो: तू एका बंदूकवाल्याशी लग्न करशील, आणि त्याची पहिलीच गोळी मला आणि माझ्या मुलाला लागेल. हे गीत शेटलंडच्या एका वृद्ध बाईकडून एकोणिसाव्या शतकात लिहून घेतलं गेलं, आणि अमेरिकन अभ्यासक फ्रान्सिस चाइल्ड यांच्या पोवाडासंग्रहात त्याचा क्रमांक ११३ आहे. आज सगळीकडे ऐकू येणारी त्याची चाल पारंपरिक नाही, ती १९५० च्या दशकात रचलेली आहे. जुनी चाल १९३८ मध्ये ऑर्कनीच्या फ्लोटा बेटावर टिपली गेली.

९. काही घराणी स्वतःला सीलचे वंशज म्हणवतात, हे खरं?

खरं, आणि परंपरेचा खरा केल्टिक गाभा इथेच आहे. हेब्रिडीजमधल्या नॉर्थ युइस्ट बेटावरच्या मॅककॉड्रम घराण्याला 'सीलचे मॅककॉड्रम' म्हणत. अठराव्या शतकातले गेलिक कवी जॉन मॅककॉड्रम याच घराण्यातले. आयर्लंडमध्ये कॉनेमाराच्या कोनीली घराण्याबद्दल तेच सांगतात. आयरिश इतिहासकार जेम्स हार्डीमन यांनी १८४६ मध्ये नोंदवलं की या कुळातली काही माणसं जादूने सील झाली, म्हणून कोनीलीने सील मारला तर त्याच्यामागे दुर्दैव लागतं. लोक सीललाच 'कोनीली' म्हणत, आणि त्याला वैतागून काहींनी आडनाव बदलून कॉनोली केलं, असंही त्यांनी लिहिलं आहे.

मराठी वाचकाला हे समजायला 'देवक' हा शब्द पुरतो. लग्नात देवक बसवताना कुणाचं मोराचं पीस असतं, कुणाचा कळंब. ज्याचं जे देवक, ते त्याने तोडायचं-मारायचं नाही. फरक एवढाच की मॅककॉड्रम आणि कोनीली सीलची पूजा करत नव्हते. त्यांच्याकडे होतं ते नातं आणि वर्ज्य.

१०. म्हणजे त्या लोकांनी सील मारलेच नाहीत?

मारले, आणि भरपूर. दिव्याला तेल, अंगाला कातडं, खायला मांस. स्कॉटिश लेखक मार्टिन मार्टिन यांनी १७०३ च्या हेब्रिडीज-वर्णनात लिहिलं आहे की नॉर्थ युइस्टजवळच्या एका खडकावर दरवर्षी ऑक्टोबरअखेरीस दांडकी घेऊन सीलची शिकार होई. मॅककॉड्रमांचं बेट तेच. दक्षिणेकडच्या बेटांवरचे कॅथलिक लोक उपवासाच्या काळात मासा समजून सील खात, हेही ते सांगतात.

त्याहून जुना दाखला सातव्या शतकाच्या अखेरचा आहे. हेब्रिडीजमधल्या आयोना बेटावरच्या मठाचे मठाधिपती अडोम्नान यांनी लिहिलेल्या संत कोलंबा यांच्या चरित्रात एर्क नावाचा चोर मठाच्या मालकीच्या लहान बेटावरचे सील चोरायला होडीखाली लपून बसतो. कोलंबा त्याला पकडून आणवतात, गरज पडली तर मागत जा म्हणतात, आणि सीलऐवजी मेंढ्या मारून देतात. इथे सील गूढ प्राणी नाही, मठाची मालमत्ता आहे. 'केल्ट लोक सीलला पवित्र मानत' असं सरसकट वाक्य दिसलं की हा प्रसंग आठवा.

आमच्या मते कथा आणि शिकार यांत विरोध नाही. ज्याला दरवर्षी दांडक्याने मारायचं आणि ज्याचा आवाज बाळासारखा, त्याच्याबद्दल मनात जे साठतं ते या कथांत बाहेर आलं. शिकाऱ्याने सीलला जखम केल्यावर त्याला समुद्राखाली नेतात आणि ती जखम स्वतःच्या हाताने भरायला लावतात, अशी एक कथाच स्कॉटलंडमध्ये आहे.

११. सील म्हणजे बुडून मेलेल्यांचे आत्मे का?

हे अनेक उत्तरांपैकी एक. दुसरं उत्तर: स्वर्गातून हाकलून दिलेले जे देवदूत समुद्रात पडले, ते सील झाले. गेलिक बेटांवरचं उत्तर: लोख्लानच्या, म्हणजे नॉर्स देशाच्या राजाची मंतरलेली मुलं. आइसलंडमध्ये बायबलमधल्या फारोचं, म्हणजे इजिप्तच्या राजाचं, तांबड्या समुद्रात बुडालेलं सैन्य. एकाच गावात दोन उत्तरं चालत, आणि कुणाला ते खटकत नसे.

१२. सेल्कीच्या मुलांना बोटांमध्ये पडदा असतो, यात तथ्य आहे का?

डेनिसन (प्रश्न १) यांच्या संग्रहात सेल्की प्रियकर असलेल्या ऑर्कनीच्या उर्सिलाची कथा आहे. तिच्या मुलांच्या बोटांमधला पडदा सुईण कापत असे. पुढे वाढ थांबवली की तळहातावर कडक कातडीचा थर येई. बोटं जुळलेली असणं आणि तळहात-तळपायांची कातडी जाड होणं, दोन्ही आनुवंशिक शारीरिक स्थिती आहेत आणि लहान बेटांवरच्या कुळांत पिढ्यान्‌पिढ्या दिसू शकतात. कथा त्यांचं स्पष्टीकरण देत होती, आणि त्या मुलांना नातेवाईकांत जागाही देत होती.

१३. मर्मेड, मेरो आणि सेल्की एकच का?

नाही. मर्मेड अर्धी मासा. तिला कातडं उतरवावं लागत नाही. मेरो ही आयरिश समुद्रकन्या. तिची शक्ती तिच्या टोपीत किंवा अंगरख्यात असते. कातडं लपवण्याची कथा (प्रश्न ६) आयर्लंडच्या दक्षिणेकडे मर्मेड आणि अंगरखा घेऊन सांगतात, म्हणून घोटाळा होतो. इंग्रजी पुस्तकांत 'रोन' हा सेल्कीचा आयरिश प्रकार म्हणून येतो, पण गेलिकमध्ये त्याचा अर्थ साधा 'सील'.

१४. स्वप्नात सील आला, किंवा चाचणीत माझा 'स्पिरिट ॲनिमल' सील निघाला. केल्टिक परंपरेत याचा अर्थ काय?

सीलसाठी असं प्राचीन केल्टिक स्वप्नशास्त्र हाती नाही. जन्मतारखेवरून प्राणी किंवा झाड सांगणारी 'केल्टिक राशी' विसाव्या शतकातली आहे. तिचा झाडांचा भाग इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या १९४८ च्या मांडणीवरून आला. प्राण्यांच्या भविष्य-पत्त्यांचे संच त्याहूनही अलीकडचे. त्यातून कुणाला आधार वाटत असेल तर त्यात गैर काही नाही, फक्त त्याला 'प्राचीन' म्हणू नका.

परंपरेतूनच काही घ्यायचं असेल तर कथेने विचारलेले प्रश्न घ्या: माझं कातडं कुठे आहे, ते कुणी ठेवून घेतलंय, आणि मी कुणाचं लपवलंय?

१५. उर्वशी-पुरूरव्याच्या कथेशी याचा संबंध आहे का?

कुळी जुळते. दुसऱ्या लोकातली स्त्री, माणसाशी संसार आणि मग निघून जाणं, हा धागा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ९५ व्या सूक्तापासून आहे. शतपथ ब्राह्मणात पुरूरव्याला उर्वशी पुन्हा दिसते ती कमळांच्या तळ्यात, पाणपक्ष्याच्या रूपात. जगभरच्या हंस-कन्येच्या कथा याच जातीच्या, आणि सील-बायको त्यांचीच उत्तर अटलांटिकमधली बहीण. मोठा फरक असा की उर्वशी स्वतः अट घालून राहते आणि अट मोडल्यावर जाते. सेल्कीला अट घालायची संधीच मिळत नाही.

१६. टॅटूसाठी किंवा मुलाच्या नावासाठी गेलिक शब्द हवा आहे. काय चुकतं?

स्वरावरची रेघ चुकते. सीलचा शब्द 'रोन' दोन्ही गेलिक भाषांत तोच, पण आयरिशमध्ये 'ओ'वरची रेघ डावीकडून उजवीकडे चढते, आणि स्कॉटिश गेलिकमध्ये उतरते. रेघ गाळली तर शब्द चुकीचा ठरतो. आधी कोणती भाषा ते ठरवा. नावासाठी 'रोनान' आहे. आयरिश उच्चार 'रोनॉन'कडे झुकतो. अर्थ 'लहानसा सील', आणि या नावाचे अनेक संत होऊन गेले.

१७. तिकडे गेलो तर सील कुठे आणि कधी दिसतील? पिल्लू एकटं दिसलं तर काय करावं?

करड्या सीलची पिल्लं शरद ऋतूत, साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. साध्या सीलची जून-जुलैत. नॉर्थ युइस्टजवळची मोनाख बेटं ही करड्या सीलच्या फार मोठ्या वसाहतींपैकी एक. ऑर्कनीत ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या खडकांवर पाहा. भरतीला ते खडक पाण्याखाली जातात.

किमान शंभर मीटर लांब राहा. सीलनी डोकी वर करून तुमच्याकडे पाहिलं की तुम्ही फार जवळ आला आहात; हळू मागे या. त्यांना घाबरवून पाण्यात पळवलं तर पिल्लं चेंगरतात. स्कॉटलंडमध्ये ठरवून दिलेल्या विश्रांतीच्या जागी त्यांना त्रास देणं २०१० च्या सागरी कायद्याने गुन्हा आहे.

एकटं पांढरं पिल्लू बहुधा टाकलेलं नसतं. आई जवळ पाण्यात असते, किंवा नेहमीप्रमाणे दूध तोडून निघून गेलेली असते (प्रश्न ५). त्याला हात लावू नका, खायला देऊ नका, पाण्यात ढकलू नका, कुत्रा बांधून ठेवा. जखम दिसली किंवा ते फारच हडकुळं वाटलं तर लांबूनच स्थानिक सागरी प्राणी बचाव पथकाला कळवा. चावलंच तर जखम धुवा, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि 'सील चावला' असं स्पष्ट सांगा. या चाव्याने बोट सुजून सांधा कायमचा आखडू शकतो. नेहमीच्या पेनिसिलिनचा त्यावर उपयोग होत नाही, टेट्रासायक्लीन गटातलं औषध लागतं.